ओल्या गवताचा वास

पेण, १२ जुलै २०२४

इद्रीसभाईंस नमस्कार.

सोबत दोन पुड्या पाठवत आहे. एकीवर क, दुसरीवर ख. नेहमीप्रमाणे हिरव्या दोऱ्याने बांधल्या आहेत. सोडण्याआधी गाठ शाबूत आहे ना, ते पाहून घ्यावे. माल मुलीने लीड्सहून पाठवलेल्या डब्यांतला आहे. उत्तर इंग्लंडातल्या सरोवरांच्या त्या प्रदेशातला, जिथे पान दाबून, वाफवून काळे करतात आणि मग त्याला टोंका नावाच्या बीचा, गुलाबाचा किंवा जिरॅनियमच्या तेलाचा वास देतात.

माझा पक्ष तुम्हाला ठाऊक आहे. कडक तंबाखूला सुगंध लावणे म्हणजे साक्षीदाराला पढवून उभा करण्यासारखे आहे. धुरी दिलेले पान स्वतःच बोलते; त्याच्या तोंडी गुलाब घालण्याची गरज नसते. तुमचा पक्ष असा की, नुसते कडक पान हे उघड्या अंगाने पाहुण्यांसमोर यावे तसे आहे आणि सुगंध हा त्यावरचा अंगरखा. शाळेच्या वादसभेत आपण याहून हलक्या विषयांवर भांडलो होतो. तेव्हाचा एक नियम अजून टिकून आहे याचे मला समाधान वाटते: समोर बोलताना तू, कागदावर तुम्ही.

कोणत्या पुडीत टोंका आहे, किती आहे आणि पहिल्या झुरक्यात येतो की राखेजवळ, हे सविस्तर कळवावे.

एक गोष्ट आरंभीच नोंदवतो. एप्रिलमधल्या त्या सकाळी धाटावच्या एका कंपनीतून वायू सुटला, असे तुमचे म्हणणे. काहीही सुटले नाही, असे कंपनीचे. तुमचे जावई नावेद तेव्हापासून अंथरुणाला खिळले आहेत. चौकशीत त्यांचे एकमेव साक्षीदार तुम्ही, आणि कंपनीचा वकील माझा मुलगा नितेश. या विषयाचे एक अक्षरही आपल्या पत्रांत येऊ नये. मी वकिली सोडलेली आहे. मैत्री सोडलेली नाही.

हैबतराव


अष्टमी, रोहा, २४ जुलै २०२४

हैबतराव, सलाम आणि सप्रेम नमस्कार.

गाठी शाबूत होत्या. दोन दिवस क, दोन दिवस ख, मध्ये एक दिवस जिभेला सुट्टी, अशा शिस्तीने ओढल्या.

क मध्ये टोंका आहे. पहिल्या झुरक्याला नव्हे, पाईपचं भांडं गरम झाल्यावर तो वर येतो: आधी साय, मग किंचित बदाम आणि शेवटी ते नुकतं कापलेलं ओलं गवत. अंगरखा म्हणतो तो हाच. ख मध्ये टोंका नाही. तिथे गुलाब आहे, तोही सुकलेल्या पाकळ्यांचा, आणि खाली धुरी दिलेल्या पानाचा कडवटपणा. ख तुम्हाला आवडली असणार. मला क.

ख ओढत बसलो होतो तेव्हा अफिफा स्वयंपाकघरातून ओरडत आली. "अब्बा, आमटी करपून कोळसा झाली, तुम्ही दारातच बसलाव, वास नाय आला?" मी म्हटलं, "अगो, हैबतचा तंबाखू तोंडात असताना जगातली दुसरी कोणतीच गोष्ट नाकात शिरत नाही." ती म्हणाली, "मग त्यांनाच सांगा आमटी पाठवायला." हे तुमच्या तंबाखूचं प्रशस्तिपत्रक समजावं.

तुमचा नियम मोडून थोडंसंच लिहितो, मग नाही. नावेदला आता उशीला टेकून बसलं तरी धाप लागते. त्या सकाळी मी त्याचा राहिलेला डबा द्यायला फाट्यावर गेलो होतो. शिफ्टची बस नुकतीच निघून गेली होती. आम्ही दोघंच उभे होतो. वारा कंपनीच्या कुंपणाकडून आला आणि त्यात ओल्या गवताचा वास होता. हैबतराव, एप्रिलात! डोंगर जळके, शेतं उघडी, ओलं गवत येणार कुठून? आत रखवालदार पडलेला दिसला आणि नावेद त्याला उचलायला धावला. आज तोच रखवालदार म्हणतो की आपल्याला पित्ताची चक्कर आली होती. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं गेली आहेत, पण कशाने ते सांगता येत नाही. उरलं माझं नाक. तीस वर्षं टोंका ओढलेला माणूस तो वास विसरेल का?

तुमचा
इद्रीस


पेण, ९ ऑगस्ट २०२४

इद्रीसभाईंस नमस्कार.

क आणि ख यांचे आपले वर्णन दोनदा वाचले. इतके बारकावे, इतका ठामपणा. साय, बदाम, ओले गवत हा क्रम तर मी वेगळ्या कागदावर उतरवून घेतला.

सोबत ग पाठवत आहे. दोरखंडासारखा पिळलेला, अत्यंत कडक तंबाखू आहे. सुरीने बारीक चकत्या कराव्यात आणि रिकाम्या पोटी ओढू नये. यातील टोंक्याविषयी मी काही बोलत नाही. पुडी बांधताना नितेशने खिडकी उघडली, एवढेच सांगतो.

जिज्ञासा म्हणून एक विचारतो. बाहेर जाताना तुम्ही तंबाखूचा बटवा बरोबर नेता का? नेत असल्यास त्यात बहुधा टोंक्याचाच प्रकार असतो का? सुगंधी तंबाखू अंगाच्या उबेने मवाळ होतो, असा माझा तर्क आहे. तो तपासून पाहायचा आहे.

नियम मोडल्याबद्दल मी तक्रार करत नाही. उत्तरही देत नाही.

हैबतराव


अष्टमी, रोहा, ३ सप्टेंबर २०२४

हैबतराव, सलाम.

तर्क बरोबर आहे. बटवा सदऱ्याच्या डाव्या खिशात असतो, कायम. बहारीनला होतो तेव्हापासूनची सवय. तिथल्या पेढीत आम्ही अत्तर आणि तंबाखू दोन्ही मागवत असू आणि दोन्हींची पारख माझ्याकडे होती. बटव्यात टोंक्याचाच प्रकार असतो. उबेने तो खरंच मऊ पडतो.

आता ग. माशाअल्ला! चकत्या कापतानाच घरभर ओलं गवत. नितेशने खिडकी उघडली यात नवल नाही. मी दोन उघडल्या. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरलं, घशाला चटका बसला, आणि त्या सगळ्या कडकपणावर टोंका असा बसला होता की जणू मोठ्या माणसाने रागावलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवावा. यावर तरी हार माना.

या महिन्यात आमच्याकडे दोन निकाह आहेत. रिवाज तुम्हाला माहीत आहे: नवरदेवाच्या अत्तराची कुपी माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय अष्टमीत कोणी ती नेत नाही. काल लोक आले होते. मी कुपी उघडली, डोळे मिटले आणि म्हटलं, घ्या. मुलाचा बाप रडायलाच लागला. म्हणाला, "इद्रीसमियांनी व्हय म्हटलं, मग खुदाने व्हय म्हटलं." लोकांचा हा जीव आहे माझ्यावर, काय करणार?

चौकशीत सगळे माझ्या शब्दावर भिस्त ठेवून आहेत. नावेद तर म्हणतो, "अब्बांचं नाक म्हणजे यंत्र हाय. यंत्राला खोटं पाडून दाखवा." (नियम पुन्हा मोडला. माफी.)

इद्रीस


अष्टमी, रोहा, २० नोव्हेंबर २०२४

हैबतराव,

सप्टेंबरपासून तुमचं पत्र नाही. दरवर्षीप्रमाणे दिवाळीनंतरच्या रविवारी आपल्या भेटीसाठी मी कासूला उतरलो. स्टेशनबाहेरच्या टपरीवर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या. टपरीवाला म्हणाला, "तुमचे वकीलसाहेब नाय आले औंदा?" मी म्हटलं, पेणला काम असेल. तुमच्या वाटणीचा चहाही मीच प्यायलो.

प्रकृती बरी आहे ना? ग बद्दल हार मानवत नाही म्हणून गप्प बसला असाल, तर तसं लिहा. मी खिल्ली उडवणार नाही.

साक्ष पुढच्या महिन्यात आहे.

इद्रीस


अष्टमी, रोहा, १८ डिसेंबर २०२४

हैबतराव,

नितेशने सांगितलं असेलच. तरी माझ्या बाजूने ऐक. हो, कागदावर तू म्हणतोय. आज नियम राहू दे बाजूला.

सगळे आले होते. नावेदला खुर्चीत बसवून आणलं होतं, अफिफा त्याच्यामागे उभी, आणि अष्टमीची वीस-पंचवीस माणसं. मी सगळं नीट सांगितलं. अधिकारी लिहून घेत होते. एकदा पेन थांबवून म्हणाले, "एप्रिलात ओलं गवत! हे खरंच विचार करण्यासारखं आहे." तेव्हा अफिफाने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी मरेपर्यंत जपून ठेवलं असतं.

मग नितेश उठला. गोड आवाज, तुझ्यासारखाच. "इद्रीसकाका, लहानपणी तुम्ही मला डोळे बांधून वेलची, जायफळ ओळखायला शिकवायचा. आज मी तुम्हाला विचारतो." आणि त्याने मलमलीच्या दोन पुरचुंड्या टेबलावर ठेवल्या. "यातल्या एकीत टोंका आहे. कोणती?"

दोन्ही हिरव्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या, हैबत. गाठ तुझी होती. ती गाठ मी माझ्या सहीसारखी ओळखतो.

अधिकारी भला माणूस. त्याने विचारलं, "चाचा, सर्दीबिर्दी नाही ना? आज नको असेल तर पुढची तारीख घेऊ." मी म्हटलं, "माझं नाक ठणठणीत आहे." दोन्ही पुरचुंड्या नाकाशी धरल्या. मी डावी उचलली.

"नक्की, काका?"

"नक्की. साय, बदाम, ओलं गवत."

नितेशने डावी सोडून टेबलावर पालथी केली. वापरून वाळवलेल्या चहाचा चोथा होता. मागून कोणीतरी हसलं. आपल्याच माणसांपैकी. मग आणखी काही हसले. नावेदला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. अफिफा एवढंच म्हणाली, "अब्बा, चला."

आता ऐक. त्या सकाळी फाट्यावर ओल्या गवताचा जो वास आला, तो माझ्या आयुष्यातला शेवटचा वास. संध्याकाळी बटवा उघडला तर आत नुसता पाला. तेव्हापासून काही नाही: करपलेली आमटी नाही, अत्तर नाही, नातवाचं डोकं नाही. तुझे क, ख, ग, काही नाही. घशाला चटका बसतो तेवढा कळतो. बाकी सगळं मी आठवणीतून लिहिलं. घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.

तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पुडीत बांधून का विचारलंस?

इद्रीस


पेण, २ जानेवारी २०२५

इद्रीसभाईंस नमस्कार.

कागदावरचा नियम मी पाळतो आहे. प्रश्नाचे उत्तर क्रमाने देतो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या आरंभी मी जो नमुना पाठवला होता, त्यात बडीशेपेचा लेशमात्र सुगंध होता. तो मला स्वतःला कळला नव्हता, तुम्ही ओळखला. जुलैत पाठवलेले क आणि ख हे एकाच डब्यातले होते आणि त्या डब्यात ना टोंका होता, ना गुलाब. ऑगस्टचा ग हा कोणताही सुगंध न दिलेला पिळाचा तंबाखू होता. नितेशने खिडकी उघडली हे खरे; पेणला तेव्हा उकाडा होता.

यावरून अनुमान सरळ निघते. एप्रिलच्या आरंभी तुमचे नाक शाबूत होते, जुलैत नव्हते. मधल्या काळात तुम्हाला आजार झाला नाही, अपघात झाला नाही. एकच घटना घडली. तेव्हा वायू सुटला होता, त्याला ओल्या गवताचा वास होता, तो वास तुम्हाला आला आणि त्याच वायूने तुमचे नाक नेले. तुमची साक्ष अक्षरशः सत्य होती. हे मला तुमचे २४ जुलैचे पत्र वाचून संपवण्याआधीच कळले.

आता तुम्ही म्हणाल, मग पुरचुंड्या का? नितेश हरण्याच्या बेतात होता. मी त्याच्यापुढे उभयतोपाश मांडला. इद्रीसभाईंचे नाक चालत असेल, तर डाव्या खिशात टोंक्याचा बटवा बाळगणाऱ्या माणसाला जो वास आला तो त्याच्याच खिशातला. नाक चालत नसेल, तर साक्षच उरत नाही. त्याला दुसरे टोक अधिक आवडले. नाक कधी गेले आणि कशाने, हा अनुमानाचा उत्तरार्ध त्याने विचारला नाही. मी सांगितला नाही. सत्य ठाऊक असणे आणि ते मांडण्याचा भार आपल्यावर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भार तुमच्यावर होता.

तो उतरवण्यासाठी तुम्हाला एकच वाक्य पुरले असते: "साहेब, मला वास येत नाही, त्या सकाळपासून येत नाही." हा नावेदच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा होता आणि तो तुमच्या चेहऱ्याच्या मध्यभागी होता. अधिकाऱ्याने तारीख देऊ केली. तुम्ही नाक ठणठणीत असल्याचे सांगितलेत. नितेशला मी आधीच म्हटले होते, "ते कबूल करणार नाहीत. निर्धास्त जा." तो म्हणाला, "बाबा, जावयासाठीसुद्धा नाही?" मी म्हटले, "जावयाला ते चार वर्षांपासून ओळखतात. आपल्या नाकाला साठ वर्षांपासून."

चौकशीचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला आहे; अपिलाची मुदत या महिनाअखेरीस संपते. हे पत्र माझ्या हस्ताक्षरात आहे, खाली सही आहे आणि वर जे मान्य केले आहे ते मी नाकारणार नाही. हे घेऊन जा. नावेद जिंकेल. मात्र यासोबत तुमची जुलै आणि सप्टेंबरची पत्रे मागवली जातील आणि मी ती देईन. एकाच डब्याच्या दोन पुड्यांतली साय, बदाम आणि गुलाब भर सभेत वाचले जातील. सप्टेंबरात ज्या बापाला तुमच्या तोंडून खुदाने होकार दिल्यासारखे वाटले, तोही समोर बसलेला असेल. जे सत्य तुम्ही मला एकट्याला कळवलेत, ते अष्टमीला कळेल.

तुम्ही जाणार नाही, असे माझे अनुमान आहे. चुकल्यास मला आनंद होईल की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

सोबत च पुडी आहे. तुमच्या सोयीसाठी यापुढे पुडीत काय आहे ते मीच लिहीत जाईन. च मध्ये टोंका आहे, भरपूर. तुम्ही सहमत असल्यास तसे कळवावे. उत्तर आले की आपला वाद चालू आहे, असे समजेन.

हैबतराव


अष्टमी, रोहा, ३० जानेवारी २०२५

हैबतराव, सलाम आणि सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पुडी मिळाली. गाठ शाबूत होती.

पत्र बरेच दिवस उशीखाली होतं. दोनदा सदऱ्यात घालून नावेदच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पहिल्या वेळी तो झोपला होता. दुसऱ्या वेळी जागा होता. म्हणाला, "अब्बा, अपिलाचा कायतरी कागद आला काय?" मी म्हटलं, "नाही रे. पेणहून तंबाखू आलाय." तो म्हणाला, "ओढा. एक माणूस तरी खुशीत ऱ्हाऊं दे घरात." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतले लोक कुपी घेऊन आले. डिसेंबरनंतर कोणी येईल असं वाटलं नव्हतं. म्हणाले, "कोर्टात वकिलांनी चलाखी केली, आम्हाला काय कळत नाय? मिया, तुम्ही बघा." मी डोळे मिटले.

आज पुडी उघडली. ओढण्याआधी अफिफाच्या हातावर चिमूटभर ठेवला आणि म्हटलं, "सांग बघू, कशाचा वास?" तिने हुंगला, पुन्हा हुंगला. "कसलाच नाय, अब्बा. सुका पाला हाय नुसता." मग माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कशाचा येतो?"

मी म्हटलं, "ओल्या गवताचा."

आतून नावेदचा खोकला ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "कधीपासून, अब्बा?" मी म्हटलं, "काय कधीपासून?" ती चूल बघायला निघून गेली. ती हुशार आहे, तुमच्यासारखी. पण ती पुन्हा विचारणार नाही.

अपिलाची मुदत उद्या संपते. तुमच्या पत्राची सुरळी करून मी पाईप पेटवला. कागद चांगला होता, एका दमात पेटला.

च विषयी. कडकपणा मध्यम, घशाला चटका बेताचा, राख पांढरी. आपण म्हणता तसा टोंका आहे, भरपूर आहे. मी सहमत आहे.

पुढची पुडी पाठवावी.

इद्रीस